तांबू कुणासाठी?

नाकोरोवोऊ
६ फेब्रुवारी २००६

पेनायास, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

छातीत कळ आली म्हणून तुला बोटीवर चढवलं, त्याला आज पाच आठवडे झाले. इथला कंपाउंडर म्हणाला होता, सुवाच्या मोठ्या दवाखान्यात दोन सुया टोचतील आणि परत पाठवतील. पाच आठवडे कसल्या सुया टोचतायत?

बोटीचा मेकॅनिक विलिसोनी तुला भेटून आला. तो सांगतो, एक बाई रोज खुर्ची ओढून तुझ्या खाटेजवळ बसते, अर्धा तास हळू आवाजात बोलते आणि वहीत लिहून घेते. हा जवळ गेला की तुम्ही दोघं गप्प होता. तुझी बायको लुसियाना जाऊन सहा वर्षं झाली आणि तू बावन्न वर्षांचा बाप्या आहेस, मी काही बोलणार नाही. पण असलं काही असेल तर मला ते बोटीच्या मेकॅनिककडून कळावं का? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं खरं.

तू समोर असतास तर हे विचारता आलं नसतं. भावाबहिणीने तोंडावर बोलू नये ही आपली रीत. कागदाला रीत नाही, म्हणून विचारते.

सोबत अळूचे कंद, सहा नारळ आणि सुकीच्या तीन वळ्या पाठवते. तंबाखू माझ्या परसातलीच आहे, केवड्याच्या पानात घट्ट बांधलीय. दवाखान्यातली हवा जड असते म्हणतात, ओढलीस की छाती मोकळी होईल. माझा सामिसोनी ट्यूनाच्या बोटीवरून मध्ये कधी सुवाला उतरला तर त्याला म्हणावं, आईला दोन ओळी लिही. नाताळपासून त्याचं पत्र नाही.

उलामिला

*

सुवा
१७ फेब्रुवारी

ताई,

चटया विणायला घेतल्या असशील तर थांबव. लग्नबिग्न काही नाही. तिचं नाव सिस्टर शैलेश्नी, दोन मुलांची आई आहे, नवरा बस चालवतो. हृदयाचे जे रोगी तंबाखू ओढतात त्यांची ती सोडवायची, एवढंच तिचं काम. त्याचा तिला पगार मिळतो. मला आधी वाटलं चेष्टा करते.

मला ती पहिल्यापासून पसंत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की माझी सुकी उशीच्या अभ्र्यात आहे. हे हिला कोणी सांगितलं? पाद्रीबुवांनी लिहून कळवलं की तू, याचा मी दोन दिवस विचार केला. बरं, सुकी तिने घेतलीही नाही. तिथेच राहू दिली आणि म्हणाली, तुमची वस्तू आहे. जो माणूस समोरचं उचलत नाही त्याला काहीतरी मोठं हवं असतं, म्हणून मी आणखीच सावध झालो.

तिच्याकडे एक फुंकायचं यंत्र आहे. फुंकर मारली की श्वासात किती धूर आहे त्याचा आकडा येतो. मी शपथेवर सांगितलं की सकाळपासून ओढली नाही. आकडा आला एकवीस. ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "पेनायाकाका, या यंत्राला भाऊबंद नाहीत. ते कोणाची बाजू घेत नाही." नंतर दंडावर एक चिकटपट्टी लावून गेली. ती लावली की तलफ कमी येते म्हणे. कमी येते, पण येते.

आता खरं सांगतो, घाबरू नकोस. मे महिन्यात परदेशातून डॉक्टरांची तुकडी यायची आहे. ते छाती उघडून तुंबलेल्या नळ्यांना वळसा घालतात. यादीत बावीस माणसं आहेत आणि मी अकरावा. ज्याच्या श्वासात धूर सापडतो त्याचं नाव खाली सरकतं, कारण त्याच्या फुप्फुसांना भूल झेपत नाही. आणि नाव खाली गेलं तर पुढची तुकडी कधी, असं मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या हृदयात फार दिवस शिल्लक नाहीत हे मला तेवढ्यावरून कळलं.

मी सोडायला तयार आहे, पण आपली माणसं सोडू देतील तर ना. रोज कोणीतरी भेटायला येतं आणि रिकाम्या हाताने आपल्यात कोण येतो? सुकी पुढे होते. नको म्हटलं की तोंड पडतं. "आमची सुकी तुला हलकी झाली का रे?" चौघांना नाही म्हणून वाईट झालो आणि पाचव्याची ओढली. तुझ्या तिन्ही वळ्या संपल्या आहेत. आता पाठवू नकोस.

पेनाया

*

नाकोरोवोऊ
१३ मार्च

पेनाया,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मला हसू आलं होतं. परवा बोट लागली आणि हसू गेलं.

विलिसोनीने धक्क्यावर उतरल्या उतरल्या सगळ्यांसमोर सांगितलं की पेनायाने शंभर रात्रींचा तांबू धरलाय. सुकी पुढे केली तर तळहात आडवा धरतो. कोणासाठी, विचारलं तर मान खाली घालतो. आपल्यात सुकीचा तांबू कधी धरतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जवळचं माणूस गेलं की आपल्या जिवाची आवडती वस्तू शंभर रात्री तोंडात घालायची नाही.

मग गेलं कोण?

मी बोटांवर मोजलं. तुझे जवळचे सगळे इथे माझ्या डोळ्यांसमोर जेवतायत, खोकतायत, भांडतायत. डोळ्यांसमोर नाही तो एकच, आणि तो माझ्या पोटचा आहे. तुझा भाचा आहे.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. बाबा गेले तेव्हा सामिसोनी माझ्या पोटात होता. पोटुशीला धक्का नको म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून मला अकरा दिवस कळू दिलं नाही. त्या अकरा दिवसांत तू सुकी ओढत नव्हतास. लुसियानाकडून मला निरोप पाठवलास की दात दुखतोय. मी तुझ्या दातासाठी पेरूची पानं उकळून पाठवली होती, पेनाया. आता तू छाती दुखतेय म्हणतोस.

काल प्रार्थनेत पाद्रीबुवांनी समुद्रावरच्या लेकरांचं नाव दोनदा घेतलं. शेजारणी माझ्याशी फार गोड बोलतायत. पोस्टातल्या रेडिओफोनवर विचारावं तर सारं गाव कान लावून बसतं, आणि तुम्ही मला तिथे सांगणारही नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. काय असेल ते लिही.

उलामिला

*

सुवा
२५ मार्च

ताई,

कोणी गेलेलं नाही. सामिसोनी जिवंत आहे. मासेमारी कंपनीच्या ऑफिसात मी चुलतभावाला पाठवलं होतं. तिथल्या बाईने सांगितलं की बोट दूरच्या पाण्यात आहे आणि बोटीवर सगळं ठीक आहे. लेखी मागितलं तर म्हणाली असं लेखी देत नाहीत. तुला हे पुरणार नाही हे मला माहीत आहे.

तांबूचं कसं झालं ते सांगतो. सिस्टर शैलेश्नी एका सकाळी वही उघडून बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या लोकांत कोणी कधीच सोडत नाही का?" मी म्हटलं, सोडतो की, मयत झाली की शंभर रात्री. तिने पेन खाली ठेवलं. विचारलं, मग तेव्हा लोक पुढे करत नाहीत? छे, म्हटलं, तांबू धरलेल्याला कोण देईल? त्याच्यासमोर कोणी नावही काढत नाही. तिने पेन उचलून ते वहीत लिहून घेतलं. मला उगाच वाटत राहिलं की आपण हिच्या हातात काहीतरी दिलं.

पण तिने मला शिकवलं नाही, हे ध्यानात घे. वीस फेब्रुवारीला मी स्वतः धरला. तिला सांगितलं तेव्हा ती उलट माझ्यावरच संशय घेऊन बसली. म्हणाली, "खोटं सांगून धरला असेल तर टिकणार नाही, काका. लोक फसतील, पण तुमचं तुम्हाला माहीत असेल." मी म्हटलं, खोटा नाही. कोणासाठी, तिने विचारलं. मी सांगितलं नाही. तुलाही सांगत नाही. आताचं कोणी नाही, एवढं समज आणि नाव विचारू नकोस.

आज चौतिसावी रात्र. यंत्राचा आकडा तीन आहे. भेटायला येणारे आता सुकीऐवजी पपया आणतात, त्यामुळे आमचा सगळा वॉर्ड पपया खातोय. यादीत मी नववा झालो, कारण वरच्या दोघांच्या श्वासात धूर सापडला.

पेनाया

*

नाकोरोवोऊ
११ एप्रिल

पेनाया,

आताचं कोणी नाही आणि नाव विचारू नकोस. या दोन्ही गोष्टी एका श्वासात लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही? ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवूनच बसलायस. बाबांच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते, कोणाला काही झालेलं नाही, तू जेव.

मला झोप नाही. मुलाचे कपडे पेटीतून काढून उन्हात घालते आणि कोणी आलं की परत आत नेते, कारण मेलेल्याचे कपडे काढतात तसं दिसतं.

म्हणून मी एक ठरवलंय. सोबत सुकीची एक वळी पाठवते. विलिसोनीच्या समोर बसून ती पेटव आणि दोन झुरके घे. कोणी मेलेलं नसेल तर तांबूही नाही, आणि तांबू नसेल तर मोडल्याचं पापही नाही. विलिसोनी परत येऊन म्हणाला की ओढली, तर माझा मुलगा जिवंत आहे असं मी धरीन आणि जेवीन. नाही ओढलीस तर त्याच दिवशी केस कापीन आणि काळे कपडे घालीन. मग तुझ्या पत्राची मला गरज नाही.

डॉक्टरांचं काय ते मला समजतं. दोन झुरक्यांनी यादी बदलत असेल तर बदलू दे. मी वाईट बहीण आहे. पण आधी मी त्याची आई आहे.

उलामिला

*

सुवा
२२ एप्रिल

ताई,

विलिसोनी काल आला. दवाखान्याच्या मागे आंब्याखाली बाक आहे, तिथे आम्ही बसलो. त्याने तुझी वळी माझ्या हातावर ठेवली आणि तुझं म्हणणं सांगितलं. माणूस भला आहे, सांगताना त्याला रडू आलं.

मी सुकी कातरली. वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, विडी वळली, ओठात धरली. विलिसोनीने काडी ओढली. तुला जेवताना बघावं एवढंच त्या वेळी मनात होतं, नळ्या गेल्या खड्ड्यात. तेवढ्यात शैलेश्नी कपडे वाळत टाकायच्या दोरीपाशी उभी दिसली. तिने सगळं पाहिलं होतं. वाटलं आता धावत येईल. ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "तोंड तुमचं आहे, काका. पण जिच्यासाठी धरलाय तिला आधी विचारा."

"जिच्यासाठी" म्हणाली. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं की ती बाई आहे. या बाईला सगळं कसं कळतं याचा मला अजून संशय आहे.

काडी विलिसोनीच्या बोटापर्यंत जळली. मी विडी खाली ठेवली.

आता तुला सांगतो. तांबू लुसियानासाठी आहे.

ती गेली तेव्हा मी सगळ्या गावासमोर शंभर रात्री सुकी वर्ज्य केली होती. तुला आठवत असेल. माझ्या विड्या तीच वळायची हेही तुला आठवत असेल. बिस्किटाच्या डब्यात तिच्या हातच्या तेवीस विड्या उरल्या होत्या. शंभर रात्री ठेवल्या असत्या तर त्यांचा भुगा झाला असता. नवव्या दिवशी खोबरं वाळवायच्या शेडमागे बसून मी पहिली ओढली. मग रोज एक. तेविसावी संपली त्या दिवशी ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा मेली. पुढे सत्तर दिवस मी काळे कपडे घालून तांबूवाल्यासारखा हिंडत होतो आणि शेडमागे तुझीच सुकी ओढत होतो. शंभराव्या दिवशी डुकरं कापली, चटया अंथरल्या, आणि न पाळलेला तांबू सगळ्यांनी मानाने उचलला. मी मान वर करू शकलो नाही. लोक म्हणाले, बायकोवर फार जीव होता.

जीव होता ना. म्हणूनच मोडला. पण मोडला.

तेव्हापासून ते मनात होतं. शैलेश्नीने विचारलं की मयतीत जमतं कसं, तेव्हा वाटलं, आपल्याला एकदाच जमायला हवं होतं आणि तेव्हाच जमलं नाही. म्हणून आता पाळतोय. गावात कोणाला सांगू नकोस. तुला तोंडावर सांगितलं नसतं, कधीच.

तुझी वळी परत पाठवतो. एक विडी वळलेली आहे, पेटवलेली नाही, ओठाचा ओलसर डाग दिसेल. आता तुला केस कापायचे तर काप. पण सामिसोनी जिवंत आहे.

आज बासष्टावी रात्र.

पेनाया

*

नाकोरोवोऊ
९ मे

पेनाया,

केस जागेवर आहेत.

तुझं पत्र मी परसात, तंबाखूच्या वाफ्यात बसून वाचलं. वाचून झालं, घरात आले आणि मासा तळला. पोटभर जेवले. पोरगा जिवंत आहे हे मला तेव्हाच कळलं. मयत लपवायला माणूस दात दुखतो म्हणेल, छाती दुखते म्हणेल, पण असली लाज कोणी खोटी सांगत नाही.

आता माझं ऐक. कागद आहे तोवर सांगून घेते.

मला ते माहीत होतं. अकराव्या दिवशी तुझा सदरा धुवायला आला, त्याला वास होता. मग मी शेडकडे लक्ष ठेवलं. रोज दुपारी, सगळे आडवे झाले की, शेडमागून धुराची एक रेघ वर जायची. मी रीतीने बांधलेली. तुझ्यासमोर येऊन "हे काय करतोस" म्हणता येईना, आणि दुसऱ्या कोणाला सांगावं तर भावाची अब्रू जाते. म्हणून मी शेडमध्ये ओली सोडणं पेटवायला लागले. नारळाची ओली सोडणं जळली की इतका धूर होतो की त्यात तुझी विडी कोणाला दिसली नसती. ती सबंध खेप करपली. खोबरं घेणारा म्हणाला, उलामिला, एवढी म्हातारी झालीस आणि जाळ करता येत नाही? मी म्हटलं, हो बाबा, वय झालं. तू तेव्हा तिथेच होतास आणि हसला होतास.

तेव्हा मला वाटलं, मी तुला वाचवतेय. आता वाटतं, तुझ्या छातीतला अर्धा धूर माझाच आहे. सुकी माझ्या वाफ्यातली, आणि झाकायला जाळही माझाच. परवा मी वाफा खणून काढला आणि तिथे वांगी लावली.

दुसरी बातमी. पत्र आल्यानंतर सहाव्या दिवशी रेडिओफोनवर हाक आली. सगळं गाव गोळा झालं. सामिसोनीचा आवाज खरखरत होता, पण त्याचाच होता. पगार उशिरा मिळाला, जेवणात रोज भात, पायाला गळ लागलाय. पत्र का नाही लिहिलंस, विचारलं, तर म्हणाला, काय लिहायचं, सगळं ठीकच होतं. मी सगळ्यांसमोर त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. बोट बावीस तारखेला सुवाला लागतेय, म्हणजे तुझी छाती उघडतील तेव्हा तो तिथे असेल. तो तुझा भाचा आहे, मामाची कुठलीही वस्तू न विचारता उचलायचा त्याचा हक्कच आहे. मी त्याला सांगितलंय, मामाच्या खाटेपाशी गेलास की आधी उशीचा अभ्रा झटक, सुकी सापडली तर तुझी. आणि सापडली तर समुद्रात फेक, ओढलीस तर याद राख.

त्या शैलेश्नीला माझ्याकडून एक चटई दे. विलिसोनीकडे देते आहे. लग्नासाठी विणायला घेतली होती हे तिला सांगू नकोस.

आता शेवटचं. तीस मेला तुझी शंभरावी रात्र. रीत तुला माहीत आहे. तांबू आपोआप सुटत नाही. घरातल्या थोरल्या बाईने यावं, चटई अंथरावी, सुकी आपल्या हाताने पुढे करावी, मग तो उचलला जातो. आपल्या घरात आता ती बाई मी. मागच्या वेळी न पाळलेला तांबू मी माझ्या हाताने उचलला होता, माहीत असून. या वेळी तसं करणार नाही.

सामिसोनीचा फोन झाला त्याच दिवशी मी पिशवी भरली होती. तुझी छाती शिवलेली बघावी, तुझ्या खाटेपाशी पाठ करून का होईना बसावं, असं फार वाटत होतं. आज पिशवी मोकळी केली. मी येत नाही. मी आले की रीतीने मला तो उचलावा लागेल, आणि मी येत नाही तोवर तो तुझ्यावर आहे. एकशे एकावी रात्रही आहे आणि हजारावीही आहे. कोणी सुकी पुढे केली तर तळहात आडवा धर आणि सांग, बहीण अजून आलेली नाही.

तू बरा होऊन गावी येशील तेव्हा मी चटई अंथरणार नाही. रीतीप्रमाणे तोंड फिरवून घरात जाईन. तू ओळख काय ते.

यंदा यायला जमणार नाही. पुढच्या वर्षीही कठीण दिसतंय. मला बोट लागते, तुला ठाऊकच आहे.

उलामिला